उजवा पाय

१

दर रविवारी दुपारचं जेवण उरकलं की वेंडेल कॉफमन सासऱ्याची गाडी बाहेर काढायचा. हे काम त्याच्या बायकोनं, डोरीननं, त्याच्यावर सोपवलं होतं. तिच्या वडिलांना, ऑरिन लुट्झना, हिवाळ्याच्या तोंडावर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि त्यांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. त्यांची गाडी त्यांच्या बंद घराच्या गॅरेजात एकटीच उभी राहिली.

"बॅटरी उतरू देऊ नकोस," डोरीन म्हणाली होती. "आठवड्यातनं एकदा फिरवून आण, बस. बाकी जशी आहे तशी असू दे. उन्हाळ्यात डॅडना तिच्यात बसवून धरणापर्यंत न्यायचंय मला."

गाडी म्हणजे लांबलचक, गडद निळी लिंकन. वीस-बावीस वर्षांची, पण आतल्या कातड्याला अजून नव्या बुटांचा वास येत होता. दार लावलं की बाहेरचं जग कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं गप्प व्हायचं. इंडियानातल्या त्या लहानशा गावात ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती, कारण लुट्झ सगळ्यांना ठाऊक होते. जन्मभर त्यांनी गावच्या हायस्कुलात पोरांना गाडी चालवायला शिकवलं. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो, आणि शाळेच्या शिकवणीच्या गाडीत उजव्या सीटपुढे, त्यांच्या पायाशी, आणखी एक ब्रेक होता. निम्म्या गावाला कधी ना कधी त्या ब्रेकचा हिसका बसलेला.

वेंडेललाही बसला होता. सोळा वर्षांचा होता तेव्हा, आइस्क्रीमच्या दुकानापुढच्या चौकात. लुट्झनी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, वेंडेलचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, आणि ते अगदी शांतपणे म्हणाले, "कॉफमन, तू गाडी चालवत नाहीस. गाडी तुला घेऊन जाते." दुकानाबाहेर उभ्या असलेल्या मुली खिदळल्या. त्यांत डोरीन होती.

पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं, पण ते वाक्य काही सरलं नाही. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापताना लुट्झ ती गोष्ट सांगायचे, टेबलाभोवतीचे सगळे हसायचे आणि वेंडेलही हसायचा. तो त्यांना अजून 'मिस्टर लुट्झ'च म्हणत असे. दुसरं काही म्हण, असं त्यांनी कधी सुचवलं नाही. आणि लिंकनचं स्टिअरिंग त्यांनी त्याच्या हाती एकदाही दिलं नव्हतं. इतकी वर्षं तो मागच्या सीटवर बसत आला होता.

२

क्लेटन बूथ वेंडेलचा शाळेपासूनचा दोस्त. गावाच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं आणि उन्हाळ्यात दर रविवारी तो मोटारींच्या शर्यतीच्या पट्टीवर पडलेला असायचा. एका रविवारी वेंडेल लिंकन घेऊन त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय रे, कुणाची मयत घेऊन निघालास?" क्लेटननं हात पुसत विचारलं.

"हिला पळवता येईल का, सांग."

क्लेटननं बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. "इंजिन चांगलं आहे. आठ सिलिंडरचं. पण गळा आवळून ठेवलाय बिचाऱ्याचा. म्हातारी माणसं घ्यायची ना ही गाडी. आवाज नको, धक्का नको, कॉफी सांडायला नको."

"मग काय काय करता येईल?"

"आधी सायलेन्सर बदल, म्हणजे श्वास मोकळा होईल. मग मागच्या चाकांकडचे गिअर. ते बदललेस की सुटताना उडी घेईल, पण हायवेवर इंजिन सारखं ओरडत राहील. मग आतल्या कॉम्प्युटरची सेटिंग. एवढं केलंस तरी फरक कळेल तुला."

"आणि पट्टीवर?"

"पट्टीवर तुला कुत्रं विचारणार नाही." क्लेटन हसला. "वजन बघ की हिचं! इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवायचा म्हटला तर बॉनेट कापावं लागेल. नाहीतर मग नायट्रस गॅस." त्यानं डिकी उघडून आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं एक बाटली, तिथून पुढे नळी. बटण दाबलंस की इंजिनाच्या छातीत एकदम इतका प्राणवायू घुसतो की नेहमीचं पेट्रोल पुरत नाही, तेही वाढवून सोडावं लागतं. काही सेकंदांचा खेळ. पण म्हातारं इंजिन आहे, वेंडेल. छोटा झटका सोसेल. मोठा दिलास तर आतनं फुटेल."

"आणि बाहेरून कुणाला दिसणार नाही ना?"

हे तोंडातून गेलं आणि वेंडेलचे कान गरम झाले. क्लेटननं डिकीचं झाकण हळूच खाली घेतलं.

"म्हातारा आहे ना अजून?"

"आहे."

"मग तू मला काही विचारलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही," क्लेटन म्हणाला. "सायलेन्सर मंगळवारपर्यंत मागवतो."

३

नवा सायलेन्सर बसल्यावरच्या पहिल्याच रविवारी वेंडेलनं गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेला. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं होती. बाहेर इंजिन गरजत असणार, पण काचा वर होत्या आणि आत नुसती घुमघुम ऐकू येत होती. वेंडेल एकटाच हसत सुटला. मग आरशात स्वतःचं हसू दिसलं आणि तो थांबला.

गाडी गॅरेजात आणून तो आत व्हॅक्युम क्लीनर फिरवू लागला. लुट्झ प्रत्येक फेरीनंतर फिरवायचे. डोरीन कधी डोकावली तर सगळं तसंच दिसायला हवं होतं. उजव्या सीटपुढे फिकट राखाडी गालिचा डॅशबोर्डखाली वर चढत जातो, तिथं त्याला एक खळगा दिसला. तळहाताएवढा, लांबट. सीटवर बसलेला माणूस उजवा पाय ताणून जिथं टेकवील, बरोबर तिथं.

क्लेटननं हत्यारांची पेटी ठेवली असेल, त्याला वाटलं. मग वाटलं, पण त्या उतरणीवर पेटी राहील कशी? पायानं रेटली असेल. काम करताना माणूस कुठंही पाय देतो. त्यानं ओल्या फडक्यानं गालिच्याचे तंतू उभे केले आणि खळगा पुसून टाकला.

नंतरच्या रविवारी पाऊस होता. त्यानं गाडी सावकाश गावातून फिरवून आणली. गालिचा सपाट होता. वेंडेलला उगीचच हायसं वाटलं, आणि कशाबद्दल हायसं वाटलं याचा विचार त्यानं केला नाही.

मग गिअर बदलले. त्या रविवारी गाडीनं अशी उडी घेतली की त्याची मान मागे आपटली. परत आल्यावर तो गॅरेजच्या दाराशी थांबला, आत जायला धजेना. शेवटी उजवं दार उघडून वाकला.

खळगा होता. पहिल्यापेक्षा खोल होता. आणि त्यात बारीक बारीक गोल ठसे होते, ओळीनं, जसे पावसाचे पहिले थेंब धुळीत पडून राहावेत तसे.

४

शुश्रूषागृहात वेंडेल फारसा जात नसे. डोरीन रोज जायची. त्या बुधवारी तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून जेवणाच्या वेळी त्याला जावं लागलं.

लुट्झ उशांना टेकून बसले होते. नाकात प्राणवायूची नळी, गळ्यात कागदी रुमाल. वेल्मा टेट नावाची साठीची, थोराड बांध्याची मदतनीस त्यांना चमच्यानं मॅश केलेले बटाटे भरवत होती. वेंडेल आत आला तसे लुट्झचे डोळे त्याच्यावर आले आणि तिथंच थांबले.

"जावई आलेत बघा, मिस्टर लुट्झ," वेल्मा म्हणाली. "आता घास गिळा बरं. जावयासमोर हट्ट करायचा नाही."

"कसे आहेत?"

"तसे शहाणे आहेत हो. फक्त रविवारी फार त्रास होतो यांना." तिनं चमचा खाली ठेवला. "दुपारी चांगले झोपलेले असतात आणि एकदम उजवा पाय ताठ होतो. पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर असा रेटतात, असा रेटतात, की पलंग भिंतीपासून सरकतो. घामाघूम होतात. डॉक्टर म्हणतात, आकडी येते, लुळ्या पायाला येतेच. असेल बाई. पण मला तर वाटतं, स्वप्नात कुठंतरी पडतायत."

"दर रविवारी?"

"मागे एकदा पाऊस पडत होता ना, त्या रविवारी नाही. मी म्हटलं, पावसानं गार वाटलं असेल."

वेंडेलनं मान हलवली. त्याला पलंगाच्या पायथ्याकडे बघायचं नव्हतं, पण नजर गेलीच. पांघरूण वर सरकलं होतं आणि लुट्झची पावलं उघडी पडली होती. इथं सगळ्यांना देतात तसले मोजे त्यांच्या पायांत होते. फरशीवर घसरू नयेत म्हणून तळव्याला रबराचे ठिपके असलेले. बारीक, गोल, ओळीनं.

"काय झालं?" वेल्मानं विचारलं. "बसा की. रंग उडालाय तुमचा."

"गॅस झालाय," वेंडेल म्हणाला आणि दाराकडे वळला. लुट्झचे डोळे त्याच्या पाठीवर होते. त्या डोळ्यांत राग असता तर त्याला चाललं असतं. रागाची त्याला सवय होती. ते डोळे विनवत होते.

५

घरी येऊन त्यानं स्वतःशी हिशोब मांडला. म्हातारे लोक पाय ताठ करतातच. मोज्यांचे ठिपके काय, कुठल्याही बुटाच्या तळव्याला असतात. क्लेटनच्या पोऱ्याटोऱ्यांपैकी कुणी आत बसला असेल. पावसाचा रविवार म्हणजे योगायोग. एकेक गोष्ट घेतली तर तिचं उत्तर होतं. सगळ्या एकत्र घेतल्या की एकही उत्तर पुरत नव्हतं, म्हणून त्या एकत्र घ्यायच्या नाहीत असं त्यानं ठरवलं.

"गाडी ठीक आहे ना?" रात्रीचं जेवताना डोरीननं गाल धरत विचारलं.

"ठीक आहे."

"डॅड सारखं माझ्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करतात. डाव्या हातानं असं गोल गोल फिरवून दाखवतात. मला वाटतं गाडीचंच विचारतात. मी म्हटलं, वेंडेल बघतोय, काळजी करू नका." ती हसली. "तर रडायलाच लागले. फार जीव आहे रे त्यांचा त्या गाडीवर."

वेंडेलनं ताटातल्या घेवड्याच्या शेंगा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेल्या.

दुसऱ्या दिवशी तो क्लेटनकडे गेला; गाडी सोमवारपासून तिथंच होती. जाताना मनाशी म्हणत होता की सांगून टाकायचं, पुरे झालं, सगळं पहिल्यासारखं करून दे. क्लेटन डिकीत डोकं घालून उभा होता. बाटली बसली होती. निळीशार, लहान मुलाएवढी, दोन पट्ट्यांनी आवळलेली.

"छोटाच झटका ठेवलाय," क्लेटन म्हणाला. "स्पार्क प्लगही बदललेत. रविवारी पट्टीवर ये. बोल, खूश?"

वेंडेलनं तोंड उघडलं.

पुढे पुष्कळ दिवस तो त्या क्षणाशी अडत राहिला. त्या वेळी आपण काय विचार करत होतो हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि ते डोरीनला काय, स्वतःलाही मोठ्यानं सांगता येण्यासारखं नव्हतं. तो विचार करत होता की मिस्टर लुट्झ घाबरलेत. शिकवणीनंतर पहिल्यांदा ते वेंडेल कॉफमनच्या शेजारी बसलेत, ब्रेक शोधतायत, आणि लिंकनमध्ये उजवीकडे ब्रेक नाही.

"खूश," तो म्हणाला.

६

शर्यतीची पट्टी म्हणजे मक्याच्या शेतांमधून काढलेला पाव मैलाचा सरळ डांबरी तुकडा. मे महिन्याची स्वच्छ दुपार होती. लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, मक्याची कणसं आणि सॉसेज भाजल्याचा धूर हवेत होता. लिंकन रांगेत आली तशी कर्ण्यावरचा माणूस ओरडला, "टोप्या काढा मंडळी, अंत्ययात्रा येतेय! दादा, पेटी मागे आहे ना?"

सगळे हसले. वेंडेलही हसला, ते त्याला येत होतं. त्यानं काचा वर घेतल्या आणि हसण्याचा आवाज बंद झाला.

शेजारी चिखलानं माखलेला एक पिकअप येऊन उभा राहिला. सुरुवातीच्या रेषेवर नारिंगी जाकिटातली एक बाई गाड्या तपासत होती. तिनं वाकून लिंकनच्या काचेवर टकटक केलं. वेंडेलनं काच जराशी खाली घेतली.

"सोबत कुणाला न्यायचं नाही," ती म्हणाली. "एकट्यानंच जायचं. उतरवा त्यांना."

"मी एकटाच आहे."

तिनं त्याच्यापलीकडे, उजव्या सीटकडे बघितलं. डोळे बारीक केले. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि विरली.

"हं," ती म्हणाली. "काचेवर ऊन आलंय." मग ती मागे सरली, जितकं सरायला हवं होतं त्यापेक्षा बरीच मागे.

वेंडेलनं उजवीकडे बघितलं नाही. समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे एकेक करून उतरत आले. हिरवा लागला.

गाडी सुटली. नव्या गिअरनी तिला अक्षरशः फेकलं. पिकअपचं नाक क्षणभर शेजारी होतं, मग पुढे जाऊ लागलं. वेंडेलचा अंगठा बटणावर गेला. दाबला नव्हता अजून. आणि अगदी जवळून, त्याच्या उजव्या खांद्याशी, कुणीतरी दातांमधून आत श्वास ओढला. स्स्स्.

तो आवाज त्याला पाठ होता. चौकातल्या त्या हिसक्याच्या आधी हाच आवाज झाला होता.

त्यानं बटण दाबलं.

लिंकन किंचाळली. सीटनं पाठीवर जोराचा तडाखा दिला, समोरचं डांबर एका रेषेत गोळा झालं, पिकअप मागे पडला. आणि बघायचं नाही असं घोकत असतानाच त्यानं बघितलं. उजव्या सीटपुढे फिकट निळ्या पायजम्याची एक नळी थरथरत होती. तिच्याखाली काठीसारखा वाळलेला पाय, गुडघ्यातून ताठ. मोज्यातलं पाऊल गालिच्यात घोट्यापर्यंत रुतलेलं, आणि पोटरीचा एकेक स्नायू दोरीसारखा वर आलेला. गुडघ्याच्या वर बघायची त्याची छाती झाली नाही.

त्याला अंगठा उचलता आला असता. एवढीच गोष्ट होती, अंगठा उचलायचा. त्याच्या मनात आलं, आता कळलं का, मिस्टर लुट्झ? आणि त्यानं तो आणखी जोरात दाबला.

कट् असा आवाज झाला. वाळकी फांदी मोडावी तसा, छोटा. लगेच वेंडेलच्या डोळ्यांदेखत ब्रेकचं पेडल, ज्यावर त्याचा पाय नव्हता, खाली गेलं आणि तळाला टेकलं. टायर ओरडले. गाडी तिरकी होत, धूर काढत, शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबली.

क्लेटन धावत आला. "ब्रेक का मारलास, गाढवा? जिंकला होतास ना!" त्यानं उजवं दार खेचून उघडलं आणि खाली वाकून बघितलं. उतरणीवरचा गालिचा फाटून आतला पत्रा दिसत होता. पत्र्याला पोचा पडला होता.

"वेंडेल," तो म्हणाला, "गाडीत कोण होतं?"

खिशातला फोन वाजू लागला. डोरीनचा होता.

७

शुश्रूषागृहाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये वेल्मा टेट खुर्चीवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. वेंडेल समोरून गेला तसं तिनं वर बघितलं.

"मी हात नाही हो लावला त्यांना," ती म्हणाली. "मी पडदे ओढत होते. देवाशपथ."

तो तिच्यासमोरून तसाच आत गेला, आणि नंतर सगळ्यांत जास्त त्याला तेच चार पावलं चालणं आठवायचं.

खोलीत डोरीन पलंगाशी उभी होती, डोळे सुजलेले. लुट्झच्या उजव्या घोट्याला प्लास्टर घातलं होतं. व्यवस्थापक बाई, मिसेस हॉलक्विस्ट, हलक्या आवाजात बोलत होत्या.

"हाड सरळ मोडलंय. पायथ्याची फळीही तडकलीय. एवढा जोर यांच्या पायात असूच शकत नाही, असं डॉक्टर म्हणतात. खोलीत वेल्माशिवाय कुणी नव्हतं. आम्ही आजच तिला घरी पाठवतोय. तुम्हाला पोलिसांत द्यायचं असेल तर..."

"द्यायचंय," डोरीन म्हणाली. "लुळ्या माणसाचा पाय पिरगाळते बाई! द्यायचंय."

वेंडेल दारातच उभा होता. गप्प राहिलं तर संध्याकाळपर्यंत सगळं मिटणार होतं. क्लेटन बाटली काढून टाकील, गालिचा नवा बसवील. एक बाई, जिचं नावसुद्धा डोरीन पुढच्या वर्षी विसरून जाईल. लुट्झचे डोळे त्याच्यावर होते. ते काही बोलू शकत नव्हते, आणि त्यानं हे मनात मोजलं, खरोखर मोजलं.

"तिनं काही केलेलं नाही," तो म्हणाला. आवाज घोगरा आला. "मी केलंय."

"तू?" डोरीन वळली. "तू इथं होतास कुठं?"

"गाडीत होतो. पट्टीवर." मग त्याला थांबता येईना. सायलेन्सर, गिअर, डिकीतली बाटली, दर रविवार, उजवीकडचा गालिचा, मोज्यांचे ठिपके, सगळं तो फरशीकडे बघत सांगत गेला. बटणाचंही सांगितलं. अंगठा उचलता आला असता, हेही सांगितलं. मिसेस हॉलक्विस्ट त्याच्याकडे दारू प्यायलेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. डोरीन ऐकत राहिली. गाडी आणि आकडी यांचा संबंध तिला कळला की नाही कुणास ठाऊक. पण एक गोष्ट तिला कळली, आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"त्यांना विचार," वेंडेल म्हणाला. "त्यांना ऐकू येतं ना."

डोरीन वडिलांवर वाकली. "डॅड, वेल्मानं दुखवलं तुम्हाला?"

लुट्झनी मान हलवली. नाही. थोडीशीच, पण स्पष्ट. मिसेस हॉलक्विस्टनी ते पाहिलं, क्षणभर घुटमळल्या, आणि वेल्माला आत बोलवायला बाहेर गेल्या.

"बस तिथं," डोरीन नवऱ्याला म्हणाली. तिनं पलंगाच्या डाव्या अंगाला असलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस त्यांच्यापाशी आणि बघ त्यांच्याकडे. त्यांनी असं काय केलं होतं रे तुझं? एक गोष्ट सांगायचे दरवर्षी. एक गोष्ट!"

वेंडेल बसला. म्हाताऱ्याच्या डावीकडे, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. आणि तो बसताक्षणी लुट्झचा डावा हात पांघरुणातून वर आला. थरथरत छातीवरून गेला, उजव्या खांद्यामागे चाचपडला, तिथल्या हवेत काहीतरी धरलं आणि ते छातीवरून तिरकं खाली, डाव्या कमरेकडे ओढू लागला. तिथं पोचून हात अडला. काहीतरी बसत नव्हतं. हात परत खांद्याकडे गेला, परत खाली ओढत आला. श्वास भराभर होऊ लागला.

"खाज येतेय का, डॅड?" डोरीननं विचारलं.

वेंडेलला कळलं होतं. त्यानं आपला हात त्या हाडकुळ्या हातावर ठेवला, तो कमरेपाशी नेला आणि गादीवर हळूच दाबून धरला.

"लागला, मिस्टर लुट्झ," तो म्हणाला. "पट्टा लागला."

हात सैलावला. म्हाताऱ्यानं मान सरळ केली आणि समोरच्या भिंतीकडे, लांबवर बघावं तसं बघू लागला. त्याच्या कपाळावर घाम होता.

वेंडेलला उठायचं होतं. तो उठणारही होता. तेवढ्यात खुर्चीखाली एक मऊ, ओळखीचा हिसका बसला, गाडी गिअरमध्ये पडते तेव्हा बसतो तसा. खिडकीतून भिंतीवर आलेला उन्हाचा चौकोन हलला. मग संथपणे, न थांबता, पुढून मागे सरकू लागला.

"वेंडेल?" डोरीन म्हणाली. "काय करतोयस?"

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. त्याची नजर समोर होती. दोन्ही हात त्यानं उचलून, स्टिअरिंग धरावं तसे, छातीपुढे हवेत धरले होते, आणि शेजारचा म्हातारा श्वास रोखून आहे हे त्याला ऐकू येत होतं.